रावेरची केळी आणि फाटकावर अडकलेलं वजन: माझा अनुभव

स्वतःच्या नावाने केळी आखातात पाठवायची म्हटली की लोक आयईसी, एडी कोड, शिपिंग बिल असली नावं ऐकूनच मागे सरतात. घाबरू नका. आयसगेटवरचं, म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलवरचं, सगळं काम रावेरात बसून झालं, मालावर कीड-रोग नसल्याचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्रही वेळेत मिळालं. आम्ही अडकलो ते वजनावर.

भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन, म्हणजे व्हीजीएम, दिल्याशिवाय तो जहाजावर चढवत नाहीत. 1 जुलै 2016 पासून जगभर हा नियम आहे आणि तो योग्यच आहे, कारण चुकीच्या वजनावर रचलेले थर समुद्रात कोसळतात. आम्ही काट्यावर वजन केलं, सीएचएने, म्हणजे आमच्या कस्टम्स एजंटने, शिपिंग लाइनच्या (जहाज कंपनीच्या) पोर्टलवर भरलं, ‘स्वीकारलं’ असा मेसेज आला. ट्रेलर घाट उतरून बंदरावर पोचला आणि रात्री ड्रायव्हरचा फोन आला, "भाऊ, यांच्या स्क्रीनवर वजनच दिसत नाही म्हणतात."

लाइनकडे वजन होतं, ते टर्मिनलपर्यंत, म्हणजे बंदरात कंटेनर जहाजावर चढवणाऱ्यांपर्यंत, गेलंच नव्हतं. ड्रायव्हरच्या हातात शिक्क्याची काटापावती होती, ती चालेना. लाइनच्या हेल्पलाइनवर एकच उत्तर: आमच्याकडून गेलंय. टर्मिनलच्या फाटकावर एकच उत्तर: आमच्याकडे आलं नाही. दोघांच्या मधे काय झालं हे बघायला रात्री माणूसच नव्हता. इकडे रिफर, म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर, जेनसेटवर (डिझेल जनरेटरवर) चालू. केळी 13-14 अंशांवर ठेवावी लागते. त्याखाली गेली तर साल काळी पडते, वर गेली तर वाटेतच पिकायला लागते. डिझेल संपत चाललेलं, जहाजाचा कटऑफ, म्हणजे कंटेनर आत घ्यायची शेवटची वेळ, जवळ येतोय आणि मी रावेरात मोबाईल हातात घेऊन बसलेलो. सकाळी लाइनच्या ऑफिसात कुणीतरी आलं, तोच आकडा पुन्हा हाताने भरला आणि थोड्याच वेळात फाटक उघडलं. तेव्हा इतकं हायसं वाटलं की रागवायचं राहून गेलं. राग नंतर आला, तो अजून आहे.

2018 मध्ये बंदरांच्या कामासाठी पीसीएस 1एक्स हे सामाईक पोर्टल आलं, 2023 मध्ये एनएलपी मरीन. बंदर, लाइन, कस्टम्स, सीएचए सगळे एका जागी जोडले जावेत म्हणूनच ना? मग एका संगणकातला आकडा दुसऱ्यात जायला माणूस का लागतो? आणि लागतोच, तर तो रात्री का नसतो? नाशवंत माल रात्रीच पोचतो, कारण आमच्याकडे कापणी सकाळी होते आणि भरणी दुपारी.

लाइनच्या मेसेजवर विसंबू नका. टर्मिनलकडे वजन दिसतंय का, हे गाडी घाटात असतानाच सीएचएला तपासायला लावा. जेनसेटची टाकी निघतानाच पूर्ण भरा. हो, आणि कंटेनरच्या दारावर रिकामं वजन छापलेलं असतं, त्याचा कंटेनर नंबरासकट फोटो पॅकहाऊसवरच काढून ठेवा. वाद झाला की तोच कामी येतो. वजनाची नोंद रात्री दुरुस्त करायचा अधिकार कुणाकडे आहे, त्याचा नंबर बुकिंग करतानाच मागा. देत नसतील तर दुसरी लाइन बघा.