माल्कमच्या हाताचा ठेका

१८ नोव्हेंबर २०२५, रात्र

आज माल्कम यंगला जाऊन आठ वर्षे झाली. एसी/डीसी हा रॉक बँड त्याने धाकट्या भावासोबत, म्हणजे ॲंगससोबत, १९७३ मध्ये सिडनीत सुरू केला आणि स्मृतिभ्रंशामुळे २०१४ मध्ये गिटार खाली ठेवावी लागेपर्यंत त्याचा ठेका सांभाळला. सध्या हरभरा नुकताच वर आला आहे आणि रोही व रानडुकरे रात्री उतरतात, म्हणून वावरात जागल सुरू आहे. त्या जागलीत आज या बँडचा 'पॉवर अप' हा अल्बम पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला.

हा अल्बम १३ नोव्हेंबर २०२० रोजी, त्या वर्षीच्या ऐन दिवाळीत आला. घरी सोयाबीन डागी झाल्याची काळजी होती आणि गावात नेटवर्क धड नव्हते, त्यामुळे वणीला गेल्यावर तो फोनमध्ये उतरवून घेतला. त्याआधी बँड संपल्यातच जमा होता. माल्कम २०१७ मध्ये, वयाच्या ६४व्या वर्षी गेला आणि थोरला भाऊ जॉर्ज त्याच्या जेमतेम महिनाभर आधी. गायक ब्रायन जॉन्सनला डॉक्टरांनी २०१६ मध्येच बजावले होते की दौरा थांबवला नाही तर कान कायमचे जातील. बास वाजवणारा क्लिफ विल्यम्स निवृत्त झाला होता आणि ड्रमवादक फिल रड बँडबाहेर होता. हे तिघेही व्हँकुव्हरच्या स्टुडिओत परत आले. माल्कमच्या जागी त्याचा पुतण्या स्टीवी बसला आणि बाराच्या बारा गाण्यांवर गीत-संगीतकार म्हणून ॲंगस व माल्कम या दोघांचीच नावे छापली गेली.

ही नावे केवळ आदरापोटी घातलेली नाहीत. दोघा भावांनी अनेक वर्षांत गिटारचे कितीतरी तुकडे, ज्यांना रिफ म्हणतात, रचून ठेवले होते. त्यांतले बरेच २००८ च्या 'ब्लॅक आइस' या अल्बमच्या आधीच्या काळातले होते. ॲंगसने ते पुन्हा काढले, निवडले आणि त्यांची गाणी केली. आधीचा गायक बॉन स्कॉट गेल्यावर १९८० मध्ये 'बॅक इन ब्लॅक' जसा त्याच्यासाठी केला, तसा हा माल्कमसाठी, असे त्याने सांगितले आहे. मला मात्र यात एक मोठा फरक दिसतो. 'बॅक इन ब्लॅक' हा गेलेल्या माणसासाठी मागे राहिलेल्यांनी केलेला अल्बम होता, तर 'पॉवर अप' हा गेलेल्या माणसाचाच अल्बम आहे. चाहत्यांमध्ये "माल्कमशिवाय कसला एसी/डीसी?" असे म्हणणारे आजही आहेत. त्यांचे दुःख मला कळते, पण हा अल्बम माल्कमशिवायचा आहे, हे मला मुळीच मान्य नाही.

माल्कम काय करत होता, हे मलाही फार उशिरा उमगले. लक्ष सगळे ॲंगसकडे, शाळेच्या गणवेशात मंचभर धावणाऱ्या त्या माणसाकडे. माल्कम मागे, ॲम्प्लिफायरच्या जवळ उभा राहायचा आणि कोरसपुरता तेवढा माइकपाशी यायचा. एकदा माझ्या इयरफोनचा उजवा कान बंद पडला आणि तशाच अवस्थेत 'बॅक इन ब्लॅक' लागला. त्या ध्वनिमुद्रणात डाव्या बाजूला माल्कम आणि उजव्या बाजूला ॲंगस आहे. त्यामुळे ॲंगसची सगळी झळाळी नाहीशी झाली आणि जाड तारांवरचे ते कोरडे, नेमके, घाई न करणारे हात तेवढे उरले. दोन फटक्यांच्या मधली शांतता तो किती जपून सोडतो, ते तेव्हा प्रथम ऐकू आले. आमच्या भजनी मंडळात ढोलकीवाले बाबा भिंतीला टेकून बसतात आणि त्यांनी हात उचलला की गाणाऱ्याचा आवाजही डळमळतो. माल्कमची जागा तीच होती.

मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवणारा माझा मित्र, ज्याने एके काळी मेमरी कार्डात ही गाणी मला भरून दिली, 'पॉवर अप' ऐकून म्हणाला, "हे तं एकच गाणं हाय नं बे, नावंच वेगळे हायेत." हा आक्षेप या बँडवर पहिल्यापासून घेतला जातो. मला वाटते, ज्याला एकच गोष्ट चाळीस वर्षे तितक्याच नेटाने करता येते, त्याच्याकडे नव्या कल्पना नाहीत असे समजणे हा त्याच्या कष्टावर अन्याय आहे. तरीही सगळीच गाणी सारखी सरस आहेत असे मी म्हणणार नाही. 'मनी शॉट' आणि 'सिस्टम्स डाउन' यांच्यावाचून काही अडले नसते. 'रिअलाइज'ची सुरुवात मात्र अंगावर येते. 'डीमन फायर'मध्ये ब्रायन खालच्या, घोगऱ्या आवाजात सुरू करतो तेव्हा त्याच्या कानांचे काय झाले होते ते आठवून मला भरून येते. सर्वांत सरस गाणे 'थ्रू द मिस्ट्स ऑफ टाइम'. इतके हळवे होऊन मागे वळून पाहणे या बँडच्या स्वभावात नाही, आणि तरीही त्याखाली ठेका तोच, न हललेला.

ॲंगस आता सत्तरीचा आहे आणि याच महिन्यात ऑस्ट्रेलियात त्याचे कार्यक्रम सुरू आहेत. ड्रम आणि बासवर आता दुसरी माणसे आहेत, माल्कमच्या ऱ्हिदम गिटारवर स्टीवीच आहे. आणखी एक अल्बम यावा असे मला मनापासून वाटते, पण त्यावरही दोघा भावांची नावे असावीत. माल्कमचे रचून ठेवलेले तुकडे संपले असतील, तर ॲंगसने इथेच थांबावे.