तुम्ही विचारलंत म्हणून : पित्ताशयातले खडे ऑपरेशनशिवाय जातात का?

परवा कराडहून माझ्या एका जुन्या सहकारी बाईंचा फोन आला. त्यांना दोनदा जोराची कळ येऊन गेली आहे, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसलेत, डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलंय आणि मुलगी बारावीला आहे. "तुम्ही दीड वर्ष पथ्यावर काढलंत ना? मग मलाही जमेल का? पडून जातील का हो ते?" हाच प्रश्न भिशीतल्या मैत्रिणींनी विचारलाय, शाळेतल्या मावशींनी विचारलाय, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनीही विचारलाय. फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी त्या 'पडून जातील' बद्दल. ही भाषा मुतखड्याची आहे. कुळथाचं पाणी, पानफुटीची पानं, केळीच्या खोडाचा रस हे सगळं आपल्याकडे मुतखड्यासाठी सांगतात. माझ्या मोठ्या दिरांचा मुतखडा खरंच पडला, कारण मूत्रपिंडातल्या खड्याला लघवीची वाट आहे. पण 'खडा' हा शब्द एकच असल्यामुळे तेच उपाय पित्ताशयाच्या खड्यालाही सांगितले जातात, आणि घोळ तिथेच होतो.

पित्ताशय म्हणजे यकृताच्या खाली उजवीकडे असलेली लहानशी पिशवी, जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर मावेल एवढी. पित्त तयार करतं यकृत. ही पिशवी ते साठवते आणि बासुंदी आटवावी तसं आटवून दाट करते. तेलातुपाचं जेवण पोटातून पुढे आतड्यात उतरलं की पिशवी आवळते आणि पित्त खाली सोडते. त्या पित्तात कोलेस्टेरॉल जास्त झालं, किंवा पिशवी वेळेवर नीट रिकामी झाली नाही, की खाली साका बसतो आणि त्याचे खडे होतात. पिशवीतून निघणारी नळी अगदी अरुंद असते. ती पुढे पित्ताच्या मोठ्या नळीला मिळते, आणि बहुतेकांच्या शरीरात त्या मोठ्या नळीचं आणि स्वादुपिंडाच्या नळीचं आतड्यातलं तोंड एकच असतं. एखादा बारीक खडा पिशवीतून सुटला की तो या तोंडाशी अडकू शकतो. मग कावीळ होते, नाहीतर स्वादुपिंडाला सूज येते. म्हणजे आपण ज्या गोष्टीची वाट बघत बसतो, तीच इथे सगळ्यात घाबरण्यासारखी असते. मोठ्या खड्यापेक्षा बारीक खडा सुटण्याची शक्यता जास्त. "माझे बारीकच आहेत" असं कुणी निर्धास्तपणे म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो तो त्यामुळेच.

माझं दुखणं सुरू झालं ते मे महिन्यात, पुतण्याच्या साखरपुड्याच्या रात्री. जेवायला बासुंदी-पुरी, बटाटेवडे, मसालेभात होता. रात्री दोनच्या सुमाराला छातीच्या खाली, बरगड्या जिथे मिळतात तिथे, कुणीतरी मूठ आवळावी तसं दुखायला लागलं. मला वाटलं पित्त झालंय. आपण सगळ्याच आंबट ढेकरांना 'पित्त' म्हणतो, आणि त्यावरचा आमच्या घरचा उपाय म्हणजे थंड दूध. मी फ्रीजमधलं म्हशीचं दूध सायीसकट पेलाभर प्यायले. अर्ध्या तासात कळ उजव्या खांद्याच्या पात्यात शिरली. बसवेना, निजवेना, कुठल्या कुशीवर बरं वाटेना. आज कळतं, आधीच खड्यावर आवळलेल्या पिशवीला मी वरून आणखी साय पाठवली होती. पहाटे ह्यांनी दवाखान्यात नेलं. आधी ईसीजी काढला, कारण ही कळ हृदयाच्या दुखण्यासारखीच वाटते. ते बरोबरच केलं. तो नॉर्मल आल्यावर दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी सोनोग्राफी झाली. खडे अनेक, सगळ्यात मोठा ९ मिलिमीटर, पिशवीला सूज नाही, मोठी नळी मोकळी.

ऑपरेशन हा शब्द ऐकला आणि माझ्या डोळ्यांपुढे आत्या आली. तिचं पित्ताशय १९८० च्या सुमाराला काढलं होतं. बरगडीखाली वीतभर तिरकी खूण होती, आणि ती कितीतरी दिवस अंथरुणाला खिळून होती. आता ते तसं राहिलेलं नाही. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं देशातलं पहिलं ऑपरेशन केलं, आणि हळूहळू ते जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचलं. हे मला नंतर समजलं. त्या दिवशी मी डॉक्टरांना एवढंच म्हणाले, "मला थोडे दिवस द्या."

त्यांनी दिले. "नळी मोकळी आहे, ताप नाही, सूज नाही, तेव्हा विचार करायला वेळ आहे," म्हणाले, आणि कधी लगेच यायचं ते कागदावर लिहून दिलं. तो कागद मी फ्रीजवर लावला. ते शेवटी सांगते.

त्या दीड वर्षात मी काय केलं, ते विचारणाऱ्या प्रत्येकीला हवं असतं. तळलेलं बंद. खवा, साय, चीज, नारळाच्या दाट दुधाचं सगळं बंद. भाजीत शेंगदाण्याचं कूट चमचाभर. तूप मात्र पूर्ण तोडलं नाही. पहिल्या महिन्यात तोडलं होतं, पण आहारतज्ज्ञ बाईंनी समजावलं की जेवणात स्निग्ध अजिबात नसेल तर पिशवी आवळणारच नाही, आणि पित्त आत साठून आणखी दाट होईल. म्हणून वरणभातावर लहान चमचाभर, तेही दोन्ही वेळेला थोडं थोडं, एकदम नाही. रात्रीचं जेवण साडेसातला. सकाळचा नाश्ता कधीही चुकवायचा नाही. वजन कमी करायचं होतं, पण महिन्याला एक-दीड किलोच्या वर नाही. भराभर वजन उतरवलं की खडे व्हायचं प्रमाण वाढतं, हे मला अजिबात माहीत नव्हतं.

सगळ्यात जड गेलं ते उपास सोडणं. लग्न झाल्यापासून मी संकष्टी करत होते. पण संकष्टी म्हणजे नेमकं काय होतं ते बघा. सकाळपासून पोट रिकामं, पिशवी भरलेली, पित्त आटत चाललेलं. दुपारी फार तर चहा. रात्री नऊ-साडेनऊला चंद्रोदय, आणि मग एकदम तुपाची धार सोडलेले मोदक. किंवा एकादशीला दिवसभर काही नाही आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, जिच्यात दाण्याचं कूट आणि तूप दोन्ही हात सैल सोडून. माझी दुसरी कळ आषाढी एकादशीच्याच रात्री आली. सासूबाईंना सांगायला मी घाबरत होते. त्या म्हणाल्या, "अगं, देवाला तुझं पोट दुखलेलं हवंय का? मी करीन तुझ्या वाटची." त्या ७८ वर्षांच्या होत्या. आणि त्यांच्याही पित्ताशयात खडा आहे! दोन सेंटिमीटरचा, दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत सापडलेला. त्यांना आयुष्यात एकदाही कळ आलेली नाही. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, याला हात लावायचा नाही. ज्यांना काहीच त्रास नाही अशा शंभरातल्या एक-दोघांनाच दर वर्षी नवा त्रास सुरू होतो. त्यामुळे मुका खडा बहुधा तसाच ठेवतात. खडा ३ सेंटिमीटरहून मोठा असेल किंवा पिशवीच्या भिंतीत कॅल्शियम जमलं असेल, तर मात्र त्रास नसतानाही डॉक्टर वेगळा विचार करतात. पण एकदा कळ येऊन गेली की हा हिशेब उरत नाही. ती पुन्हा येण्याची शक्यता बरीच वाढते.

पथ्याने मला फरक पडला का? पडला, खूप पडला. पहिल्या चार महिन्यांत तीन कळा, त्यानंतर आठ महिने एकही नाही. वर्षाने पुन्हा सोनोग्राफी केली. खडे जिथल्या तिथे, मोठा १० मिलिमीटर. त्या दिवशी मी फार रडले, कारण मनातून मी धरून चालले होते की ते विरघळतायत. पथ्याने पिशवी शांत राहते, खडे विरघळत नाहीत, एवढं साधं मला कुणी स्पष्ट सांगितलं नव्हतं. आमच्या वैद्यांनी सांगितलं होतं, पण माझेच कान बंद होते. "तुमचं पचन मी सुधारून देतो, खडे जातील असं वचन देणार नाही," हे त्यांचं वाक्य आज मला फार मोलाचं वाटतं. तीन महिन्यांच्या पुड्यांचे साडेतीन हजार घेऊन खडे पाण्यासारखे वाहून जातील म्हणणारा मनुष्यही मला भेटला होता. खडे विरघळवणारी गोळी आधुनिक औषधांत आहे, पण ती छोट्या, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर, पिशवी नीट काम करत असेल तरच चालते, सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत घ्यावी लागते, आणि बंद केल्यावर पाच वर्षांत जवळजवळ निम्म्या लोकांना खडे परत होतात. माझे खडे तिच्यात बसणारे नव्हते.

ऑलिव्ह तेल आणि लिंबाच्या रसाबद्दलही विचारता, म्हणून सांगते. माझ्या मावसबहिणीने ते केलं. दिवसभर सफरचंदाचा रस, संध्याकाळी एप्सम सॉल्ट, रात्री अर्धा कप तेलात लिंबू. सकाळी शौचात हिरवे गोळे पडले. तिने ते काचेच्या बरणीत जपून ठेवले आणि मला दाखवायला आणले. मऊ, बुळबुळीत, वाटाण्याएवढे. मलाही क्षणभर मोह झाला. एप्रिलचे दिवस होते. बरणी दुपारभर ओट्यावर राहिली आणि संध्याकाळी तळाशी नुसता हिरवा तेलकट थर होता. तिच्या पुढच्या सोनोग्राफीत खडे तेवढेच निघाले. २००५ साली न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी असेच गोळे तपासून 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकात लिहिलं होतं. त्यात तीन चतुर्थांश स्निग्धाम्लं निघाली. कोलेस्टेरॉल नाही, पित्ताचा रंग नाही, कॅल्शियम नाही. प्यालेल्या तेलाचाच पोटात साबण झालेला. पण अर्धा कप तेल एकदम प्यायल्यावर खडे असलेली पिशवी किती जोरात आवळत असेल, याचा विचार करून मला आजही धसका बसतो.

माझा निर्णय झाला तो थोरल्या नणंदेमुळे. त्यांना चार वर्षं खडे होते. कळ आली की गोळी घ्यायची, चार दिवस मऊ भात खायचा, आणि पुन्हा कामाला लागायचं. सप्टेंबरमध्ये एक बारीक खडा सुटला आणि स्वादुपिंडाला सूज आली. नऊ दिवस आयसीयू. काचेतून त्यांचे सुजलेले हात दिसायचे, बांगड्या कापून काढल्या होत्या. जूनमध्ये मला साध्या वरणभातावरही एक कळ येऊन गेली होती, तीही तोपर्यंत मी कुणाला सांगितली नव्हती. त्या रात्री घरी सांगितली. दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन केलं.

"नुसते खडे काढता येत नाहीत का?" हे मीही विचारलं होतं. पिशवी ठेवली तर ती पुन्हा खडे करते, म्हणून पिशवीच काढतात. यकृत पित्त करतच राहतं, फक्त ते साठत नाही, थेंबथेंब आतड्यात उतरतं. चार छोटी भोकं, दुसऱ्या दिवशी घरी. पोटापेक्षा खांदा जास्त दुखला, पोटात भरलेल्या वायूमुळे. तीन आठवडे सकाळच्या चहानंतर पळत जावं लागायचं, मग ते थांबलं. काहींचं ते लांबतं, हेही खरं. आणि धोकाही सांगते. हजारात तीन ते पाच जणांच्या पित्तनळीला ऑपरेशनमध्ये इजा होते, आणि ती गंभीर असते. कधी दुर्बीण थांबवून पोट उघडावं लागतं. सर्जनना हे विचारायला लाजू नका. मी विचारलं, त्यांनी न चिडता नीट उत्तर दिलं.

माझे खडे त्यांनी डबीत घालून दिले. अकरा होते. तपकिरी, एकमेकांवर घासून पैलू पडलेले, हरभऱ्याच्या डाळीसारखे. नखाने दाबून बघितले, हलले नाहीत.

तर बाई, तुमच्याबद्दल. तुम्हाला दोन कळा येऊन गेल्यात, म्हणजे तुम्ही सासूबाईंच्या रांगेत नाही, माझ्या रांगेत आहात. परीक्षा फेब्रुवारीत आहे. तोवर थांबता येईल का हे डॉक्टरांना नळी मोकळी आहे का, पिशवीला सूज आहे का हे बघून सांगू दे. ते हो म्हणाले तर मार्चची तारीख आजच घेऊन ठेवा आणि तोवर पथ्य मनापासून पाळा. फ्रीजवरच्या माझ्या कागदावर चार ओळी होत्या : थंडी वाजून ताप आला तर, डोळे किंवा लघवी पिवळीधमक झाली तर, शौच पांढरट झालं तर, कळ चार-पाच तासांत थांबली नाही किंवा उलट्या थांबल्या नाहीत तर, सकाळची वाट न बघता निघायचं. तुम्हीही तो कागद लावा. सोनोग्राफीच्या रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, आणि मुलीला दाखवून ठेवा की रात्री आईने हाक मारली तर कुठल्या दवाखान्यात न्यायचं.