तुम्ही विचारलंत म्हणून: चांगले विचार केले की चांगलं घडतं का?

मी विपश्यना ही बुद्धांच्या परंपरेतली ध्यानसाधना करते हे कळलं की लोक फिरून फिरून एकच विचारतात. "मनात चांगले विचार ठेवले की आयुष्यात चांगलंच घडतं, हे खरं ना? तुम्ही एवढी साधना करता, तुम्हाला तर अनुभव असेल." लग्नाच्या पंगतीत विचारतात, दवाखान्यातल्या बाकावर विचारतात. विचारणाऱ्याच्या घरी बहुतेक वेळा काहीतरी चाललेलं असतं. कुणाचं आजारपण, कुणाची गेलेली नोकरी, बोलणं बंद केलेला मुलगा. त्यामुळे दोन वाक्यांत उत्तर द्यायला मला धीर होत नाही. इथे सविस्तर लिहिते.

काय घडावं हे माझ्या विचारांनी ठरतं, असा अनुभव मला आलेला नाही. जे घडलं त्यातून मी किती आणि काय भोगते, यात मात्र मनाचा वाटा फार मोठा आहे. हा वाटा नेमका कुठे मिसळतो ते बघता येतं. विपश्यनेने मला हे बघायला शिकवलं.

ज्यांच्यामुळे ही साधना आज आपल्यापर्यंत पोहोचली, त्या सत्यनारायण गोयंकांचीच गोष्ट बघा. जन्म 1924 चा, ब्रह्मदेशातल्या मंडालेचा. घर मारवाडी व्यापाऱ्याचं, पुढे रंगूनमधले मोठे उद्योगपती झाले. त्यांना अर्धशिशीचा भयंकर त्रास होता, इतका की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. परदेशातल्या डॉक्टरांनाही दाखवून झालं. शेवटी ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल, सरकारी अधिकारी आणि गृहस्थ, आणि विपश्यनेचे आचार्य. डोकेदुखी बरी व्हावी म्हणून शिकायचंय, असं गोयंकांनी सांगताच त्यांनी चक्क नकार दिला. एवढ्यासाठी ही विद्या नाही, मन निर्मळ करायचं असेल तर या. दुखणं गेलं तर ते ओघाने जाईल. 1955 मध्ये गोयंका त्याच तयारीने पहिल्या शिबिराला बसले. पुढे अर्धशिशी गेली, असं ते स्वतः सांगत.

लोक गोष्ट इथवर सांगतात आणि थांबतात. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 1962 मध्ये तिथे लष्करी राजवट आली, आणि साठच्या दशकातच उद्योगांचं राष्ट्रीयीकरण झालं. गोयंकांचे उद्योगही गेले. म्हणजे माणूस रोज सकाळ-संध्याकाळ ध्यानाला बसत होता, गुरूच्या सहवासात होता, तरी त्याचं उभं केलेलं सगळं सरकारजमा झालं. त्यांच्या विचारात काही खोट होती म्हणून का? देशात जे घडायचं ते घडलं. हातात आलेला मोकळा वेळ त्यांनी साधनेला दिला, आणि 1969 मध्ये भारतात येऊन शिकवायला सुरुवात केली. इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र त्यानंतरचं, 1976 पासून तिथे शिबिरं होतात.

आता तो वाटा कुठे मिसळतो, त्याविषयी.

दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा असतो. नाकाशी येणारा, जाणारा, आहे तसा. त्याला आनापान म्हणतात. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते. मग डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवायचं, आणि कुठे ऊब, कुठे खाज, कुठे जडपणा, कुठे मुंग्या, जी संवेदना असेल ती नुसती जाणायची. पुढे रोज तीन वेळा अधिष्ठानाची बैठक असते. तासभर हात सोडायचे नाहीत, पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत.

त्या तासात माझा उजवा गुडघा पेटायचा. दुखणं खरंच होतं, कल्पनेतलं नव्हतं. पण त्याच्या मागोमाग मनात एक वेगळंच चालू व्हायचं. हे संपणार कधी? गुडघा कायमचा गेला तर? बाकीच्या बायका किती शांत बसल्यात. मी आलेच कशाला? तास संपत आला की गोयंकाजींच्या आवाजातलं पठण सुरू होतं, आणि मग एक विलक्षण गोष्ट व्हायची. पाय अजून जागचा हललेला नसायचा आणि निम्मं दुखणं उतरलेलं असायचं. गुडघ्यात तर काहीच बदललं नव्हतं. "आता सुटले" हा एक विचार आला होता, बस. म्हणजे आत्तापर्यंत मी ज्याला गुडघ्याचं दुखणं म्हणत होते, त्यातलं निम्मं गुडघ्याचं नव्हतंच.

बुद्धांनी यासाठी दोन बाणांची उपमा दिली आहे. एक बाण लागतो तो शरीराचा. अजाण माणूस त्याच्यावर शोक करतो, त्रागा करतो, आणि त्याला दुसरा बाण लागतो, मनाचा. जाणत्यालाही पहिला बाण लागतोच. दुसरा लागत नाही. पहिला बाण चुकवता येईल असं बुद्ध कुठेही म्हणत नाहीत, एवढं कृपा करून लक्षात घ्या.

आणखी एक गोष्ट बसून बसून दिसायला लागते, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली तिच्यातच आहे. आपण समजतो, आधी विचार येतो आणि मग वाईट वाटतं. बरेचदा उलट असतं. पहाटे तीनला जाग येते, छातीवर दडपण असतं, पोटात खड्डा पडलेला असतो. त्या क्षणी डोक्यात काहीच नसतं. मग मन कारण शोधायला निघतं. बँकेचा हप्ता सापडतो, मुलीचं लग्न सापडतं, दहा वर्षांपूर्वी जाऊबाई काय बोलल्या ते सापडतं. जे सापडेल त्याच्यावर ते दडपण नेऊन ठेवलं की वाटतं, मला याची काळजी वाटतेय. बुद्धांच्या शिकवणीत हा क्रम स्पष्ट मांडलेला आहे: इंद्रियांना स्पर्श झाला की संवेदना, आणि संवेदनेतून तृष्णा. हवं-नकोपण तिथेच, अंगात, आधीच सुरू झालेलं असतं. विचार नंतर पोहोचतो. म्हणून "विचार बदला" हा सल्ला कितीही चांगल्या मनाने दिलेला असला तरी उशिरा पोहोचतो. वरून चांगलं वाक्य ठेवलं तरी खालचं दडपण तसंच राहतं.

घरातलं उदाहरण सांगते. बाबांना पार्किन्सन्स होता. शेवटच्या वर्षांत रात्री गोंधळायचे. अडीचला हाक यायची, "दार लावलंस का गं?" लावलं म्हणून सांगायचं, पांघरूण नीट करायचं, अंथरुणाला पाठ टेकते न टेकते तोच पुन्हा, "दार लावलंस का?" साधनेने बाबांचं काहीही बरं झालं नाही. त्यांचा कंप वाढतच गेला. मलाही चौथ्या हाकेला चीड यायची, यायची थांबली नाही. पण ती कानांच्या पाळ्यांशी गरम होऊन, जबड्यात घट्ट होऊन कशी येते ते मला कळायला लागलं. त्या गरमपणाशी थोडं थांबलं की तो ओसरायचा, आणि "सगळं माझ्याच गळ्यात, भावंडांना काही पडलेलं नाही" ही लांबलचक कहाणी उभीच राहायची नाही. मग उरायचा एक घाबरलेला म्हातारा माणूस, ज्याला दाराची भीती वाटतेय. त्याला हाताला धरून दारापाशी न्यायचं, कडी दाखवायची. ही युक्ती मला कुणी सांगितली नव्हती. चीड बाजूला झाली की ती आपोआप सुचली. तेच दिवस, तोच आजार, तीच झोपमोड. आज आठवलं तर त्या रात्री मला कडू वाटत नाहीत.

तुम्ही विचारता तो आयुष्यातला बदल माझ्यापुरता इतकाच आहे, आणि मला तो थोडा वाटत नाही.

आता ज्याच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसले, ते सांगते. कॅन्सर झालेल्या एका ओळखीच्या बाईंना भेटायला आलेले लोक म्हणून गेले, "तुम्ही मनात फार ठेवता, त्यानेच हे होतं. पॉझिटिव्ह राहा." त्या नंतर मला विचारत होत्या, मी असं काय वाईट विचार केले? केमोने अंगात उभं राहायची ताकद नाही, आणि वर हा हिशेब. हे क्रूर आहे. आजारी माणसाला, पीक बुडालेल्या शेतकऱ्याला, मारहाण सोसणाऱ्या बाईला त्याच्या दुःखाचं कारण त्याचेच विचार आहेत असं सांगणं, म्हणजे आपल्या हातांनी दुसरा बाण मारणं. अध्यात्माच्या नावाने तर हे मुळीच करू नये. साधना स्वतःच्या मनाकडे बघण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखाचा निवाडा करायला तिचा उपयोग करायचा नसतो.

सुखाचंही तसंच आहे, हे नवीन साधकांना उशिरा कळतं. कधी बैठकीत सगळ्या अंगातून बारीक, हलक्या लहरींचा प्रवाह वाहतो. फार सुंदर वाटतं. पुढच्या बैठकीला माणूस तेच शोधत बसतो, आणि सापडलं नाही की साधना बिघडली म्हणून रडवेला होतो. साधनेतला सगळ्यात छान अनुभवसुद्धा असा दुःखाला कारण होतो, केवळ तो पुन्हा हवासा वाटल्यामुळे. शिबिरात सारखं सांगतात, हेही अनित्य आहे, समता ठेवा. ऐकायला सोपं आहे. सुखद संवेदनेत समता ठेवणं मला आजही गुडघ्याच्या दुखण्यापेक्षा अवघड जातं.

मग चांगल्या विचारांना साधनेत जागाच नाही का? आहे. दहाव्या दिवशी मंगल मैत्री शिकवतात: सगळ्यांचं मंगल होवो, भलं होवो. पण ती नऊ दिवसांनंतर येते, यात मला मोठं शहाणपण दिसतं. आत धुमसत असताना ओठांनी भलं चिंतणं किती पोकळ असतं ते तोवर प्रत्येकाने स्वतःपुरतं पाहिलेलं असतं. आतली धग थोडी शमलेली असते तेव्हा तीच भावना न ओढता येते, आणि खरी असते.

तुमच्यापैकी काहींना शिबिराला जायचं आहे, म्हणून थोडं कामाचं. शिबिराची फी नसते, राहण्या-जेवणाचा खर्च आधीच्या साधकांच्या दानातून चालतो. पहाटे चारला घंटा होते आणि दिवसात दहा तासांच्या वर ध्यान असतं, तेव्हा मध्येच ऑफिसचं काम उरकू असा विचार असेल तर पुढची तारीख घ्या. मानसिक आजार असेल, त्याची औषधं चालू असतील, तर अर्जात स्पष्ट लिहा आणि आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. प्रत्येकाने प्रत्येक वेळी हे शिबिर करावंच असं नाही. औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि लगेच जाणं जमत नसेल तर घरी दहा मिनिटं बसून नुसता श्वास बघा. मन पळालं की पुन्हा श्वासावर आणा, त्याच्यावर चिडू नका. पुढची पायरी मात्र शिबिरातच, शिकवणाऱ्यांच्या देखरेखीखाली शिका.