तेरा वर्षांची मॅगी

बेसबॉलमध्ये मला सगळ्यात जास्त काय बघायला आवडत असेल तर स्टँडमधले आईबाप. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमध्ये, एखाद्या पोराची पहिली मॅच असली ना की कॅमेरा सारखा त्यांच्याकडे वळतो. आई तोंडावर हात धरून बसलेली, बाप उगाचच टोपी काढतोय घालतोय, शाळेतले कोच, एखादी आजी, आणि एक मित्र जो सगळ्यांपेक्षा जास्त बोंबलत असतो. आदल्या दिवशीपर्यंत ही मंडळी भलत्याच गावात असतात, फोन येतो, मिळेल ते विमान पकडून येतात. कारण तिथे बऱ्याचदा सगळं अचानक होतं. आपल्याकडे कसं, टीम आधी जाहीर होते, पेपरात फोटो येतो, मग मॅचच्या सकाळी एखाद्या जुन्या प्लेयरच्या हस्ते कॅप. तिथे सीझनमध्ये 162 मॅचेस, जवळजवळ रोज एक, कोणाला वेळ आहे. वरच्या टीममधला एकजण जखमी होतो किंवा कोणाच्या घरी काही दुःखद घडतं, आणि खालच्या लीगमधल्या पोराला मॅनेजर (म्हणजे तिथला मुख्य कोच) केबिनमध्ये बोलावतो.

या केबिनचे व्हिडिओ बघायला बसलो की मग जेवण गार होतं. हे मॅनेजर लोक एक नंबरचे नाटकी. आधी तोंड पाडून बसायचं, काल पळताना आळस का केलास म्हणून झापायचं, पोरगं सॉरी सॉरी करायला लागलं की मग हळूच सांगायचं, बॅग भर, वर चाललायस तू. आणि मग त्या पोराचं जे काय होतं ते बघण्यासारखं असतं, काही नुसतेच उभे राहतात, काही खाली बसतात, एखादा पुन्हा विचारतो खरंच का. पैशाचाही फरक काही थोडाथोडका नाही, 2023 मध्ये ट्रिपल ए म्हणजे अगदी वरून दुसऱ्या पायरीवरचा किमान पगार वर्षाला 36 हजार डॉलरच्या आसपास आणि मेजर लीगमधला किमान 7 लाख 20 हजार. (अर्थात जितके दिवस वर तितक्याच दिवसांचा मिळतो, पण तरी.)

माझा लाडका माणूस म्हणजे ड्रू मॅगी. हो, मॅगीच, आडनावच आहे त्याचं, आणि आपली मॅगी दोन मिनिटांत होते याला तेरा सीझन लागले. 2010 मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स आळीपाळीने नवी पोरं निवडतात तिथे, पिट्सबर्ग पायरेट्सनी पंधराव्या राउंडला घेतला, मग सोडला, मग हा या टीमच्या खालच्या लीगमध्ये, त्या टीमच्या खालच्या लीगमध्ये, बसमधून गावोगाव, अशा करत 1,155 मॅचेस. 2021 मध्ये मिनेसोटा ट्विन्सनी एकदा वर बोलावलं होतं, म्हणजे युनिफॉर्म मिळाला, बाकावर बसला, आणि मैदानात न उतरवताच परत खाली पाठवला. माझ्यासारख्याने त्याच दिवशी इन्शुरन्स विकायला सुरुवात केली असती. हा पुन्हा पायरेट्सकडे गेला, तेही आल्टूनाला, म्हणजे ट्रिपल एच्या पण एक पायरी खाली, जिथे अर्धी टीम याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान.

एप्रिल 2023 मध्ये वरच्या टीममधल्या ब्रायन रेनॉल्ड्सला घरच्या दुःखामुळे काही दिवस रजा घ्यावी लागली आणि याला बोलावणं आलं. 26 तारखेला डॉजर्सविरुद्ध आठव्या इनिंगमध्ये अँड्र्यू मॅककचनच्या जागी बॅट घेऊन हा बाहेर आला. आता मॅककचन म्हणजे त्या गावाचा जीव की प्राण, त्याला बसवून दुसऱ्याला पाठवलं तर एरवी लोकांनी शिव्या घातल्या असत्या, पण अख्खं स्टेडियम उभं राहिलं आणि याच्या नावाचा गजर सुरू झाला, ड्रू मॅगी, ड्रू मॅगी, ज्यांनी त्याला आदल्या आठवड्यात ओळखलंही नसतं तेच लोक. वय वर्षं 33.

आणि स्ट्राइकआऊट झाला.

मला ते फार आवडलं, खरं सांगतो. सिनेमा असता तर बॉल नदीत गेला असता (तिथे स्टेडियमच्या मागेच नदी आहे). पण मेजर लीगचा पिचर मेजर लीगचाच असतो, तुझी गोष्ट ऐकून तो काही हळू टाकत नाही. थोड्याच दिवसांनी वॉशिंग्टनमध्ये मॅगीला पहिला हिट मिळाला, म्हणजे बॉल मारून हा सुखरूप बेसवर पोचला, आणि मला वाटतं तेवढं झालं तरी पुष्कळ झालं.

तसं बघितलं तर पहिल्या मॅचच्या स्कोअरकार्डवरून पुढचं काहीच सांगता येत नाही, तरी आपण सगळे सांगत सुटतो. 1963 मध्ये ह्यूस्टनच्या टीमकडून जॉन पाचोरेक नावाचा 18 वर्षांचा पोरगा सीझनच्या शेवटच्या दिवशी खेळला. तीन हिट, दोन वॉक (म्हणजे पिचरने चार बॉल भलतीकडे टाकले की फुकटात मिळणारा पहिला बेस), चार रन, एकदाही आऊट नाही. नंतर पाठीने दगा दिला, ऑपरेशन झालं, आणि मेजर लीगमध्ये तो परत कधी उतरलाच नाही, पुढे पीटीचा मास्तर झाला. बॅटिंग अ‍ॅव्हरेज कायमचा 1.000, म्हणजे शंभर टक्के. आणि उलट विली मेज, 1951 मध्ये पहिल्या बारा वेळा शून्य, मग एक होमरन (आपला सिक्सर समजा), मग परत भोपळे, तो रडवेला झाला तरी मॅनेजर लिओ ड्यूरोशर त्याला बसवेना. पुढे त्याच्या नावावर 660 होमरन.

सगळ्यात भारी मात्र जो नक्सहॉल. 1944, महायुद्धात निम्मे प्लेयर गेलेले, सिनसिनाटी रेड्सनी 15 वर्षांच्या पोराला टीममध्ये घेतलं. 13-0 ने हरत होते, मॅनेजर म्हणाला असेल आता काय फरक पडतो, याला पाठवा. डगआउटमधून, म्हणजे टीम बसते त्या खोलगट जागेतून, बाहेर येताना हा पायरीला अडखळून पडला म्हणतात. दोन जणांना आऊट केलं, पण पाच वॉक, पाच रन, आणि घरी. त्याच रेड्सकडून तो आठ वर्षांनी परत आला, कितीतरी सीझन बॉलिंग टाकली आणि रिटायर झाल्यावर त्याच टीमच्या रेडिओ कॉमेंटरीवर कित्येक वर्षं बोलत राहिला.

आता पहिल्या हिटच्या बॉलचं सांगायचं राहिलंच. हिट बसला की समोरच्या टीमचा फील्डरच तो बॉल डगआउटकडे फेकतो, तिथे लीगचा एक माणूस खास बसलेला असतो, तो त्यावर नंबर असलेलं चकचकीत होलोग्राम स्टिकर लावतो म्हणजे नंतर कोणी खोटा बॉल दाखवू नये. पहिला होमरन असेल तर अजून गंमत, पोरगं हसत हसत परत येतं आणि टीममधलं कोणी त्याच्याकडे बघतच नाही, सगळे मुद्दाम भलतीकडे तोंड करून बसतात, हा एकटाच हवेत टाळ्या देत बसतो, मग अचानक सगळे अंगावर पडतात. पण होमरनचा बॉल गेलेला असतो पब्लिकमध्ये. मग टीमचा माणूस जाऊन ज्याने पकडला त्याच्याशी घासाघीस करतो, सही केलेली बॅट देतो, दुसरा बॉल देतो, प्लेयरला भेटवतो. बहुतेक लोक लगेच देऊन टाकतात. मी असतो तर मीपण दिला असता, पण आधी त्याच्या आईबरोबर एक फोटो मागितला असता, आणि बॅटही सोडली नसती.