वासराच्या शेणातले जिवाणू: चाचणी नेमकी कुणाच्या पोटाची?

शेणातून लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू काढायचे, त्यांना पीएच २ आणि ०.३ टक्के पित्त दाखवायचं, तगतील त्यांना प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी जिवाणू, म्हणायचं. बरेच एम.एस्सी. प्रकल्प इथेच आटोपतात. पण हे आकडे माणसाच्या पोटावर बेतलेले आहेत. म्हणून जिवाणू वासराला द्यायचाय की दुभत्या गाईला, ते आधी ठरवा.

वासरू दूध पितं तेव्हा ते कोटीपोटाला (गाईच्या पहिल्या, मोठ्या पोटाला) वळसा घालून थेट चौथ्या पोटात उतरतं. उपाशीपोटी तिथला पीएच २ च्या आसपास असतो, पण दूध गेल्यावर काही तास बराच वर चढतो. म्हणजे दुधातून द्यायचा जिवाणू नुसत्या आम्लात तीन तास ठेवून बाद करणं अन्यायाचं आहे. एक संच सलाइनमध्ये लावा, दुसरा स्किम मिल्क घालून.

मोठ्या गाईत गाठ पडते ती कोटीपोटाशी: साधारण ३९ अंश, पीएच ५.५ ते ७, ऑक्सिजन जवळजवळ नाही. लग्नाच्या पंगतीतला उरलेला भात-पुऱ्या खाल्लेल्या गाईच्या पोटात लॅक्टिक आम्लाचाच पूर येतो. तिथे आणखी आम्ल बनवणारा जिवाणू घालून काय साधणार? तिथे हवा लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचंच रूप) खाणारा, म्हणजे मेगास्फेरा एल्सडेनीसारखा. तो हवेत उगवत नाही, त्याची उपकरणंही वेगळी. पुढचं सगळं वासरांपुरतं.

नमुना जमिनीवरचा नको. निर्जंतुक हातमोजा घालून गुदाशयातूनच घ्या, बर्फावर ठेवा, त्याच दिवशी लावा. अलीकडे प्रतिजैविक दिलेलं वासरू टाळा. १ ग्रॅम शेण ९ मिली ०.८५ टक्के सलाइनमध्ये, मग दहा-दहा पटीने विरल करत जा. एमआरएस आगरमध्ये (लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू वाढवायचं घट्ट माध्यम) ०.५ ते १ टक्का कॅल्शियम कार्बोनेट घातलं की आम्ल बनवणाऱ्या वसाहतीभोवती पारदर्शक कडं दिसतं. मात्र ही पूड तळाशी बसते. ओतण्याआधी फ्लास्क हलवला नाही तर पहिल्या प्लेटा कोऱ्या आणि शेवटच्या दुधाळ होतात. ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर १५ मिनिटं, जास्त नाही. माध्यम गडद तपकिरी झालं तर वाढ मंदावते. प्लेटा अनएरोबिक (ऑक्सिजनविरहित) जारमध्ये ३७ अंशांवर ४८ तास.

कडं दिसलं म्हणजे लॅक्टोबॅसिलस, म्हणजे आपल्याला हवा तो जिवाणू, नव्हे. एमआरएसवर एन्टेरोकोकस हा आतड्यातला दुसरा जिवाणूही खुशाल वाढतो आणि कॅटॅलेज (हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणारं विकर) चाचणीही लॅक्टोबॅसिलससारखीच बहुधा निगेटिव्ह देतो. सूक्ष्मदर्शकाखाली गोल पेशी, ६.५ टक्के मिठात वाढ आणि बाइल एस्क्युलिन आगर काळा पडणं, हे तिन्ही जुळलं तर तो बाजूला काढा. त्यातल्या काही वाणांत व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारी जनुकं असतात आणि ती इतर जिवाणूंकडे जाऊ शकतात. उलट बऱ्याच लॅक्टोबॅसिलसमध्ये व्हॅन्कोमायसिन-प्रतिरोध उपजत असतो. त्यावरून त्यांना नापास करू नका.

आम्लाच्या चाचणीत सगळ्यात जास्त घोळ एका साध्या गोष्टीने होतो. रात्रभर वाढवलेलं कल्चर तसंच पीएच २ च्या सलाइनमध्ये ओतलं की एमआरएसमधले फॉस्फेट आणि अ‍ॅसिटेट पीएच वर ओढतात, आणि प्रत्येक वाण शूर ठरतो. पेशी सेंट्रिफ्यूज करून दोनदा धुवा, मगच घाला, आणि घातल्यानंतर पीएच पुन्हा मोजा. निकाल टक्क्यांत न देता लॉगमध्ये (दहाच्या पटींत) द्या: दहा कोटींचे एक कोटी उरले तर घट एका लॉगची.

ई. कोलायविरुद्धच्या वेल चाचणीतही (आगरातल्या खड्ड्यात कल्चरचा गाळलेला द्रव घालून भोवती ई. कोलाय वाढत नाही असं कडं पडतं का ते बघायचं) असाच भुलावा आहे. गाळलेल्या द्रवाचा पीएच ६.५ करा, हायड्रोजन पेरॉक्साइड काढायला कॅटॅलेज घाला. तरीही कडं टिकलं आणि प्रोटिनेज-के या प्रथिनं तोडणाऱ्या विकराने गेलं, तरच बॅक्टेरिओसिनचा (इतर जिवाणू मारणाऱ्या प्रथिनाचा) विचार. बहुतेक वेळा कडं नुसत्या आम्लाचंच निघतं. तेही वाईट नाही, फक्त अहवालात तसं लिहा.

रक्त आगरवर हिरवट किंवा स्वच्छ कडं देणारे वाण गाळा, कारण ते रक्तपेशींना इजा करतात. ओळख पटवताना १६एस (जिवाणूची जात ओळखायला वापरतात ते जनुक) पुरेसं वाटतं, पण लॅक्टोबॅसिलसच्या प्लँटारम आणि पेंटोसस या जाती त्यात वेगळ्या पडत नाहीत. त्यासाठी रेकए हे दुसरं जनुक बघावं लागतं. नावंही २०२० मध्ये बदलली: जुना लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी आता लिमोसिलॅक्टोबॅसिलस.

निवडलेला वाण २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवा. वासराला देताना दूध ३८-३९ अंशांचं असावं. उकळून उतरवलेल्या दुधात जिवाणूंची पूड टाकली तर पोटात मेलेलेच जिवाणू जातात.