रस्ट शिकलो ते 'ळ'मुळे

दिवसभर ऐरोलीत जावा या भाषेत प्रोग्रॅम लिहितो. तिथे कुठली वस्तू कुणाच्या मालकीची, हा प्रश्न पडत नाही. नको झालेल्या वस्तूंची मेमरी आपोआप मोकळी करायला गार्बेज कलेक्टर असतो. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत तो नाही. प्रत्येक मूल्याला एकच मालक आणि मालक गेला की मेमरी मोकळी. रस्टचं अधिकृत पुस्तक ऑनलाइन फुकट आहे, चांगलंही आहे, पण चौथ्या प्रकरणात ही मालकी सुरू झाली की माझं वाचन थांबायचं. ग्रेडन होअरेने २००६ मध्ये ही भाषा फावल्या वेळचा उद्योग म्हणूनच सुरू केली होती म्हणे. म्हटलं, आपणही काहीतरी उद्योगच काढू.

तो नौपाड्यातच मिळाला. आमच्या सोसायटीच्या वाचनालयाची यादी एक्सेलमध्ये आहे आणि ती ज्याला वेळ मिळाला त्याने भरलेली. ते सांभाळणाऱ्या काकांना अकारविल्हे छापील यादी हवी होती.

सुरुवातीला कंपायलरने, म्हणजे लिहिलेलं तपासून चालवण्याजोगं करणाऱ्या प्रोग्रॅमने, रडवलं. पुस्तकाचं नाव एका फंक्शनला दिलं की पुढच्या ओळीत ते वापरता येईना. चूक क्रमांक ई०३८२, म्हणजे मूल्य दुसऱ्या मालकाकडे गेलं. पण हा कंपायलर नुसता ओरडत नाही. नाव कुठे गेलं, कोणत्या ओळीत परत मागितलं, हे बाण काढून दाखवतो आणि क्लोन, म्हणजे मूल्याची वेगळी प्रत, करून बघा असंही सुचवतो. मी सगळीकडे क्लोन पेरले. एवढ्याशा यादीला त्याने काही फरक पडत नाही, हे माझं आजही मत आहे. मालकी न सोडता मूल्य उसनं देणं नंतर एकेक क्लोन काढताना समजलं.

खरी मजा अक्षरांत होती. 'ठाणे' या शब्दाची लांबी जावा ४ सांगते, रस्ट १२. कारण रस्ट अक्षरं यूटीएफ-८ या पद्धतीने साठवते आणि त्यांचे बाइट मोजते आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, मग तो काना का असेना, ३ बाइट घेतं. पहिलं अक्षर म्हणून पहिला बाइट कापायला गेलात तर प्रोग्रॅम जागीच कोसळतो आणि वर सांगतो, की तुम्ही 'ठ'च्या मधोमध कापताय. आधी राग आला, पण मग पटलं. अर्धा 'ठ' गुपचूप पुढे जाण्यापेक्षा हे बरं.

पहिली प्रत काकांनी लाल पेनाने रंगवली. "अरे, 'काळ' 'कावळ्या'च्या आधी कसा? आणि 'क्षण' 'क'मध्ये काय करतोय?" प्रोग्रॅम क्रम लावत होता तो युनिकोडने, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाने, दिलेल्या क्रमांकांवरून. त्याचा देवनागरी तक्ता इस्की या भारतीय मानकाच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेला आहे आणि त्यात 'ळ' बसतो 'ल'च्या शेजारी, 'व'च्या आधी. आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर. 'क्ष' तर तिथे एक अक्षरच नाही. क, हलन्त आणि ष, अशी तीन चिन्हं.

यासाठी तयार क्रेट, म्हणजे इतरांनी लिहिलेली रस्टची पॅकेजं, मिळतात, पण शिकायचं होतं म्हणून क्रमांकांचा तक्ता स्वतः लिहिला. इटरेटर शब्दातलं एकेक चिन्ह हाती देतो; 'क' दिसला की पीकेबल इटरेटरने पुढे डोकवायचं, हलन्त आणि 'ष' असतील तर तिन्ही मिळून 'ळ'च्या पुढचा क्रमांक द्यायचा. 'ज्ञ'चंही तसंच. मॅच, ऑप्शन, इटरेटर ही रस्टची सगळी हत्यारं या एका फंक्शनमध्ये हाताखालून गेली. 'ॲ' मात्र छळतो: कुणी तो एका चिन्हाने टाइप केलाय, कुणी 'अ'वर चंद्र देऊन. डोळ्याला दोन्ही सारखे, शोधताना वेगळे. क्रम लावण्याआधी ते एकसारखे करून घेतो.

आता काकांना लेखकवार यादीही हवी आहे. एकाच पुस्तकाकडे दोन याद्यांतून बोट दाखवायचं म्हटलं की लाइफटाइमची, म्हणजे उसनं घेतलेलं किती काळ वापरता येईल ते सांगणारी, चिन्हं मागे लागतात. त्यांना बगल देऊन पुस्तकं एका व्हेक्टरमध्ये, म्हणजे ओळीने मांडलेल्या यादीत, ठेवली आहेत आणि दोन्ही याद्यांत फक्त त्यांचे अनुक्रमांक. जाणकार नाक मुरडतील, पण सध्या त्यावर भागतंय.