समुद्री गरुड आणि धनेश : घरटं शोधताना आधी जमीन बघा

माशांचे काटे, समुद्रसापांचे मणके पडलेले दिसले, की वर समुद्री गरुडाचं काटक्यांचं थोरलं घरटं असणार. बहुधा किनाऱ्यालगतच्या उंच आंब्यावर नाहीतर सुरूवर. दरवर्षी डागडुजी करून तो तेच वापरतो.

धनेशाच्या झाडाखाली विष्ठा आणि फळांच्या बिया. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, आत उडायची पिसंही गाळते. चोच मावेल एवढ्याच फटीतून नर वड-उंबर भरवतो. नर मेला तर आत उपासमार. शिवाय ढोली त्यांना स्वतः कोरता येत नाही, म्हणून जुना पोकळ बेहडा कृपा करून तोडू नका. झाड गेलं तर गरुड निदान दुसऱ्या झाडावर काटक्या रचतो. पण अंड्यांवर बसलेला असताना त्याच्याजवळ ड्रोन उडवणं अगदी वाईट.